करंगळी

इंदोरा, नागपूर
२० जुलै २०२५

दामिनी,

जय भीम.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे फाडलं नसशील तर पुढे वाच. माझा नंबर तू बंद करून टाकलायस, म्हणून टपालाने लिहितोय. भिलाईचा पत्ता तुझ्या वहिनीच्या वहीत होता. सुभद्राने तो सुखासुखी दिला नाही. "कायले पाहिजे? पुन्हा कोन्या पार्टीले कबूल करून आले का तिले?" म्हणाली. तेव्हा आधीच सांगतो, कोणालाही काही कबूल केलेलं नाही.

काम साधं आहे. २००९ साली सीताबर्डीच्या स्टुडिओत आपण तुझी बावीस गाणी रेकॉर्ड केली होती. सीडी काढायची होती, निघाली नाही. त्या फाईली माझ्या अंकुशच्या लॅपटॉपमध्ये आहेत. कधी कुठे वापराव्या लागल्या तर बहिणीची हरकत नसावी, एवढंच विचारायचं होतं. हो किंवा नाही, दोन अक्षरांत कळव.

आपली दामिनी मेलडीज अजून चालू आहे. तू गेल्यावर ऑर्केस्ट्राचं नाव बदलावं असं मी म्हटलं होतं. अंकुश म्हणाला, पार्ट्या याच नावाने फोन करतात, नाव बदललं तर उद्यापासून घरी बसा. धंदा आता तोच बघतो. मी संस्थापक आहे, म्हणजे बॅनरवर फोटो आणि स्टेजवर कीबोर्डमागे खुर्ची. चौदा जण होतो, पाच उरलो. ट्रंपेटवाला जितेंद्र मिहानमध्ये एका गेटवर सिक्युरिटीत लागलाय. गाड्या मागे घेताना शिट्टी वाजवतो. फुंकायचं काम काही सुटलं नाही, असं तोच हसून सांगतो.

लोकांना आता आम्ही कशाला हवेत? लग्नाला डीजे असतो. जुन्या गाण्यांचा शौक असलेल्या रिटायर्ड डॉक्टर-बँकवाल्यांनी कराओके क्लब काढलेत. हॉल घेतात आणि आळीपाळीने माईक धरतात. समोर बसलेला प्रत्येक जण आपला नंबर कधी येतो ते बघत असतो, ऐकणारा एकही नाही. उरलेल्या पार्ट्यांना मोबाईलमध्ये वाजतं तसंच्या तसं पाहिजे. पाच माणसं ते कुठून वाजवणार? सगळं संगीत अंकुशच्या लॅपटॉपमधल्या ट्रॅकवर येतं आणि आम्ही वाद्यांवरून हात फिरवतो. ढोलकीवाला बळीराम पहिल्या दिवशी म्हणाला, "रुपराव, मी काय माशा हाकलाले येऊ का गा स्टेजवर?" तरी येतो. इतक्या वर्षांची सवय, संध्याकाळी झगमगीत सदरा घातल्याशिवाय त्याला करमत नाही.

तुझ्या जागी रितिका नावाची मुलगी आहे. बावीस वर्षांची, मौद्याची. बाप तिथल्या वीज प्रकल्पात ठेकेदाराकडे कामाला आहे. गळा स्वच्छ, सुराला पक्की. बापाशी तिचा करार झालाय: हा एक सिझन पूर्ण गाऊ द्या, नाव झालं तर लग्नाचं काढू नका, नाही झालं तर तुम्ही म्हणाल त्याच्याशी करते. पार्ट्या तिलाच दामिनी मॅडम म्हणतात. ती दुरुस्त करत नाही, अंकुशनेच तसं सांगितलंय. तुझ्यापेक्षा तिचा गळा अर्धी पट्टी खालचा आहे, पण चालवून घेते.

भंडाऱ्याचं आता उगाळत बसण्यात अर्थ नाही. चार वर्षं झाली. तू करंगळी दाखवलीस असं तुझं म्हणणं. समोरचे दिवे माझ्या डोळ्यांवर होते, मला दिसली नाही. हे मी तेव्हाही सांगितलं होतं.

फाईलींचं कळव.

तुझा,
रुपदादा


इंदोरा, नागपूर
३१ ऑगस्ट २०२५

दामिनी,

महिना उलटून गेला, उत्तर नाही. दोष टपालखात्यावर ढकलून मी मोकळा झालोय.

गणपती बसल्यापासून पाच दिवसांत सहा कार्यक्रम झाले. रितिका दिवसभर ज्येष्ठमध चघळते आणि गरम पाण्याची बाटली गळ्याशी धरून बसते. काल सकाळी तिचा फोन आला तर मला वाटलं तिचा बाप बोलतोय. संध्याकाळी स्टेजवर उभी राहिली की मात्र आवाज कुठूनतरी खेचून आणते. तो कुठून येतो ते मला कळत नाही, आणि जे कळत नाही त्याची मला हल्ली भीती वाटते.

परवा काटोलहून परत येताना गाडीत ती गप्प होती, म्हणून तिला हसवायला तुझी गोष्ट सांगितली. कशी सांगितली ते बघ, चुकलं असेल तर सांग. १९९३ सालची चौदा एप्रिल. तू सोळा वर्षांची, पहिल्यांदाच स्टेजवर. ऊन असं की रसवंतीवर तू तीन ग्लास उसाचा रस प्यायलीस आणि तशीच माईकसमोर उभी राहिलीस. आपल्या बाबांनी, धोंडबांनी, लिहिलेलं जयंतीचं गाणं. पहिलं कडवं झालं, मधलं म्युझिक सुरू झालं, आणि तू हात पाठीमागे घेऊन मला करंगळी दाखवलीस. मला वाटलं, सूर उंच जातोय, अर्धी पट्टी खाली घे म्हणतेस. मी उतरलो, माझ्यामागे सगळे उतरले. मग तू जे गायलीस, ते ऐकून बाबांनी चष्मा काढून ठेवला. गाणं संपताच तू स्टेजमागे पळालीस, आणि परत येऊन मला दणका घातलास. "दादा, मले एक नंबरले जाच्चं होतं, अन् तू पट्टी काहून उतरवली गा?"

त्या दिवसापासून आपली खूण ठरली. गळा रोज सारखा नसतो. ज्या दिवशी जड असेल त्या दिवशी तू पाठीमागे करंगळी दाखवायचीस आणि आम्ही चौदा जण मधल्या म्युझिकला गुपचूप अर्धी पट्टी उतरायचो. समोरच्या हजार माणसांना पत्ता लागत नसे. अठ्ठावीस वर्षं आपण त्या एका बोटावर गाणी काढली.

रितिका इतकी हसली की तिला खोकला लागला. तो बराच वेळ थांबला नाही. मग बसक्या आवाजात विचारते, "काका, मी करंगळी दाखवली त तुमीबी खाली याल का?"

मी म्हणालो, येईन. आणि तोंडाच्या सवयीने पुढचंही सांगितलं, तुला सांगायचो तेच. करंगळी दाखवली की थांबायचं नाही, ताकद लावून सूर धरून ठेवायचा, थांबलीस तर जागा हरवते, मी येतोच.

सांगून झाल्यावर लक्षात आलं, मागच्या सीटवर अंकुशचा लॅपटॉप होता. उतरायचं तर त्याने उतरायचं, माझ्या हातात काय आहे? पण पोरीच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी जीव आला होता. मग बळीरामने संत्र्यांचा विषय काढला आणि बोलणं तिकडे गेलं.

तू शाळेत पोरांची प्रार्थना घेतेस असं कळलं. हार्मोनियम वाजवतेस, गात नाहीस, असंही कळलं.

रुपदादा


इंदोरा, नागपूर
२८ सप्टेंबर २०२५

दामिनी,

हे पत्र तू वाचावंस म्हणून लिहितोय, आधीची नाही वाचलीस तरी चालेल.

गणपतीनंतर रितिकाला घेऊन रामदासपेठेत गळ्याच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. नाकातून बारीक नळी घातली आणि समोर पडद्यावर तिच्या गळ्यातलं सगळं दिसायला लागलं. आयुष्यभर गाणाऱ्यांसोबत बसलो, पण गाणं जिथून येतं ती जागा कधी बघितली नव्हती. ओल्या, पांढुरक्या दोन पट्ट्या. एकीवर टाचणीच्या डोक्याएवढा लाल ठिपका होता. बाई म्हणाल्या, "सहा आठवडे पूर्ण मौन. कुजबुजायचंही नाही, त्यानं जास्त ताण येतो. या अवस्थेत जोर लावून गायलात तर त्या ठिपक्यातली शीर फुटेल. मग पूर्वीचा आवाज येईल अशी खात्री मी देणार नाही."

बाहेर आल्यावर रितिकाने माझी बाही धरली. बोलायचं नाही असं पाच मिनिटांपूर्वी सांगितलेलं, तरी बोललीच. "काका, घरी नका सांगू. बाबा म्हनतीन, झालं तुयं गानं. डिसेंबरातच उरकून टाकतीन." ती नऊ दिवस गप्प बसली. दहाव्या दिवशी नवरात्राचा पहिला कार्यक्रम होता आणि मी तिला थांबवलं नाही.

सुभद्राने त्या रात्री ताट वाढलं आणि समोर बसली. "तो पोरीचा गळा हाय का सायकलची ट्यूब? फुटली त प्याच लावून द्याल? तुमाले सारं दिसते, पर तुमी पाहत नाई." मी म्हणालो, अंकुशशी बोलतो. तर म्हणते, "बोला. दामिनीच्या वक्तालेबी बोलनारच होते तुमी."

अंकुशशी बोललो. त्याला म्हटलं, सगळे ट्रॅक अर्धी पट्टी खाली करून ठेव, पोरीला सोपं जाईल. तो म्हणाला, होत नाही. का होत नाही, ते तुला सांगायलाच हवं. पहिल्या पत्रात मी ते नीट लिहिलं नाही.

भंडाऱ्याला तुझा आवाज फाटला, लोकांनी मोबाईलवर काढलं, ती क्लिप गावभर फिरली. तू गेलीस. त्यानंतर अंकुशने त्यावर इलाज शोधला. तुझ्या त्या बावीस गाण्यांमधला तुझा आवाज वेगळा काढून त्याने ट्रॅकमध्ये बारीक सोडून ठेवला. समोर जी गाते तिचा सूर हलला तर खालून तुझा सूर झाकून घेतो. ऐकणाऱ्याला वाटतं, काय भरदार गळा आहे. तीन वर्षं आम्ही हेच करतोय. परवानगी मी जुलैत मागितली.

आणि गाठ इथेच बसलीय. ट्रॅक खाली ओढला की तुझा आवाज बाप्यासारखा जाड होतो. म्हणून ट्रॅक बत्तीस वर्षांच्या दामिनीच्या पट्टीतच राहतो, आणि रितिकाला रोज तिथपर्यंत चढावं लागतं. मी म्हटलं, मग आत्याचा आवाज काढून टाक. अंकुश शांतपणे म्हणाला, "बाबा, पार्टीले आवाज पाहिजे. गळा कोनाचा हाय, हे कोन पाह्यते?"

तो वाईट मुलगा नाही. पाच माणसांची घरं त्याने चालू ठेवली आहेत. पण ते वाक्य ऐकल्यापासून मला त्याच्याकडे बघवत नाही, आणि आरशातही फारसं बघवत नाही.

रुपदादा


इंदोरा, नागपूर
२६ ऑक्टोबर २०२५

दामिनी,

तुझं कार्ड आलं. चार वर्षांनी एक ओळ. 'त्या दिवशी मी करंगळी तीनदा दाखवली होती.' खाली सहीसुद्धा नाही. सुभद्राने ते वाचलं, माझ्यासमोर पाण्याच्या गडव्याला टेकवून उभं केलं, आणि भाकरी टाकायला निघून गेली. मी जेवेपर्यंत ते तिथेच होतं.

तीनदा दाखवली असशील. मी नाही कुठे म्हणतो? मी त्या वेळी खाली कीबोर्डकडे बघत होतो. एका गाण्यात माणूस किती वेळा मान वर करतो?

असो. नऊ नोव्हेंबरला रविवारी संध्याकाळी मिहानमधल्या एका कंपनीचा वार्षिक कार्यक्रम आहे. दोन हजार माणसं, मागे भिंतभर पडदा. साहेब लोकांनी अट घातलीय की सगळं खरोखरचं वाजवलेलं पाहिजे, डबाबंद नको. अंकुशने हो म्हणून लिहून दिलंय. हा कार्यक्रम जमला तर वर्षभर त्यांचं सगळं काम आपल्याकडे. शेवटचं गाणं तुझं ते उंच अंतऱ्याचंच ठेवलंय, त्यांनी नाव घेऊन मागितलं.

रितिका नको म्हणत नाही. मी तिला दोनदा विचारलं. "काका, इतक्या मोठ्या लोकायसमोर एक बार गायली ना, बाबाचं तोंड बंद होऊन जाईन," म्हणाली. तिच्या रुमालावर परवा गुलाबी डाग होता. तिने तो मुठीत लपवला, आणि मी खिडकीबाहेर बघितलं.

पण या वेळी मी व्यवस्था केलीय. अंकुशच्या मागे लागून माझ्या पायाशी एक बटण बसवून घेतलं. पायाने दाबलं की ट्रॅक बंद, तुझा आवाजही बंद. पुढे आम्ही पाच जण, खरंखुरं, अर्धी पट्टी खाली. अंकुशला वाटतं ते लॅपटॉप अडकला तर कामाला यावं म्हणून आहे. बळीरामला आणि बाकीच्यांना घरी बोलावून तीन संध्याकाळी तालीम घेतली. पहिल्या दिवशी ताल कुठे, गाणं कुठे. तिसऱ्या दिवशी असं जमलं की शेजारचे दारात येऊन उभे राहिले. बळीराम जाताना बोटं चोळत म्हणाला, "लय दिवसानं हात दुखला बाप्पा. बरं वाटलं."

रितिकालाही सांगून ठेवलंय. करंगळी दाखव, थांबू नको, मी येतो. तिने मान डोलावली.

मला एक भीती आहे, ती तुझ्यापाशीच बोलता येते. बटण दाबलं की मागच्या पडद्यावरचं चित्र गाण्याच्या पुढे निघून जाईल, संगीत अचानक पातळ होईल, दोन हजार माणसांना कळेल की आतापर्यंतचं सगळं डबाबंद होतं. मला त्यांचे चेहरे आत्तापासून दिसतात. तू ये. गायचं नाही, कोणाशी बोलायचं नाही. पहिल्या रांगेत बस आणि माझ्याकडे बघत राहा. तू बघत असलीस तर माझा पाय खाली जाईल.

रुपदादा


इंदोरा, नागपूर
२३ नोव्हेंबर २०२५

दामिनी,

हे पत्र घेऊन आलेल्या मुलीला बोलायला लावू नकोस. तिला बोलायची मनाई आहे. तिच्याजवळ वही आहे, त्यात ती लिहून दाखवेल. ही रितिका.

नऊ तारखेला मी पहिल्या रांगेत तुला शोधलं. तुझ्यासाठी ठेवलेल्या खुर्चीवर कोणाची तरी पर्स होती.

सगळं नीट चाललं होतं. रितिका अकरा गाणी गायली. मधून मधून सूर थरथरायचा आणि खालून तुझा आवाज त्याला धरायचा. मग ते शेवटचं गाणं आलं. पहिलं कडवं झालं, मधलं म्युझिक सुरू झालं. ती दोन पावलं मागे आली, डावा हात पाठीमागे घेतला, आणि करंगळी दाखवली. दिवे माझ्या डोळ्यांवर नव्हते. मी कीबोर्डकडेही बघत नव्हतो. निळ्या ओढणीवर तिचं ते बोट मला दिसत होतं, त्याच्या नखावरचा उडालेला रंगसुद्धा दिसत होता. माझा पाय बटणावर होता. बळीरामने ढोलकीवर हात नीट ठेवले आणि माझ्याकडे बघितलं.

तेवढ्यात तिचा पहिलाच उंच सूर चिरफळला. अंकुशच्या ते लक्षात आलं आणि त्याने तिच्या माईकचा आवाज खाली ओढून तुझा आवाज पूर्ण वर केला.

दामिनी, तू गायला लागलीस. चार वर्षांनी. मोठमोठ्या स्पीकरमधून, बत्तीस वर्षांचा तुझा गळा, तो अंतरा, ती शेवटची हरकत घेण्याआधी तू श्वास घ्यायचीस तो श्वाससुद्धा. मला वाटलं होतं मी लोकांच्या चेहऱ्यांना भिऊन पाय आवरेन. तसं झालंच नाही. मी लोकांकडे बघितलंही नाही. बटण दाबलं असतं तर तू गप्प झाली असतीस. मी पाय उचलून घेतला आणि ऐकत बसलो.

ती मात्र थांबली नाही. थांबायचं नाही असं मीच सांगितलं होतं. ताकद लावून धर, मी येतो. हॉलमध्ये तिचा आवाज कोणाला ऐकू जात नव्हता, पण मी चार हातांवर होतो, मला जात होता. अख्खा अंतरा ती तुझ्या पट्टीवर जीव खाऊन ओढत राहिली आणि अख्खा अंतरा तिची करंगळी तशीच ताठ होती. शेवटी बळीरामने ढोलकी मांडीवरून खाली ठेवली आणि उठून गेला. दोन हजार माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती. पुन्हा एकदा, पुन्हा एकदा, म्हणत होती.

शीर फुटली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काही महिन्यांत बोलता येईल, गाण्याचं मात्र मला विचारू नका. त्यांनी माझ्याकडे जसं बघितलं तसंच सुभद्राने बघितलं. ती तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते आणि शेजारी तुझं कार्ड ठेवते.

कंपनीच्या साहेबांचा अंकुशला फोन आला होता. दामिनी मॅडमचा आवाज आहे तसाच आहे म्हणाले. वर्षभराचं काम मिळालं. जानेवारीपासूनच्या कामासाठी अंकुश नवी मुलगी बघतोय. दिसायला बरी पाहिजे, गाता नाही आलं तरी चालेल, म्हणतो.

रितिकाच्या बापाने मुलगा बघितलाय, डिसेंबरात पाहुणे येणार आहेत. दवाखान्यातून सोडलं त्या दिवशी तिने वहीत लिहून मला दाखवलं, 'काका, तुमाले करंगळी दिसली नाई का?' मी म्हणालो, पोरी, दिवे डोळ्यांवर होते. तिने मान डोलावली आणि माझ्या हातावर हात ठेवला. तिला ते खरं वाटलं. तुला वाटलं नव्हतं.

आता भंडारा. तू तीनदा दाखवलीस. पहिल्यांदा दाखवलीस तेव्हाच मी बघितलं. तेव्हाही वाजत होता तो ट्रॅकच, पण त्या लोकांना मी चौदा वाद्यं खरी वाजतील असं तोंडाने सांगून आलो होतो, आणि खाली माझ्याच ओळखीची माणसं बसली होती. ट्रॅक थांबवला असता तर मी खोटा ठरलो असतो. म्हणून मी मान खाली घातली. दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा मी मान खालीच ठेवली होती, पण मला माहीत होतं तुझं बोट तिथे आहे. एवढं एक वाक्य लिहायला मला चार वर्षं आणि पाच पत्रं लागली, आणि आणखी एका पोरीचा गळा लागला.

पडद्यामागचा तो आवाज एका खऱ्या बाईचा आहे हे रितिकाला आता कळलंय. तिनेच तुझा पत्ता मागितला. तिला वाटतं, भंडाऱ्याला आवाज गेल्यावर तू पुन्हा बोलायला कशी लागलीस ते तू तिला शिकवशील. बापाला तिने सांगितलंय की भिलाईला चांगला वैद्य आहे. चार दिवस ठेवून घे. जमलं तर तिच्या बापाशी तू बोल, तुझं कोणी ऐकेल, माझं आता कोणी ऐकणार नाही. आणि हे पत्र जवळ ठेव. अंकुशवर, माझ्यावर जे करायचं ते कर. तुझी बावीस गाणी मी लॅपटॉपमधून पुसून टाकीन असं लिहिणार होतो, पण मी काय करीन म्हणतो त्याला काय किंमत आहे ते तुला माहीत आहे.

पाकीट मी चिकटवून दिलंय. ती उघडणार नाही, तशी पोरगी नाही ती. यात काय आहे ते तिला माहीत नाही. माझ्याने सांगवलं नाही. एवढं तू कर. तिला समोर बसव आणि हे मोठ्याने वाच. तुझा आवाज फार घोगरा झालाय असं सुभद्रा म्हणत होती. असू दे, खालच्या पट्टीत वाच.

आणि वाचता वाचता तिने करंगळी दाखवली, तर तू तरी थांब.

रुपराव